यातली सुखदेवची आई कोणती?

नोंद क्र. १
दोष : सुखदेव दशरथ तायडे, वय ५१, यांना स्वतःच्या आईचा चेहरा माहीत नाही.
गंभीरता : सर्वांत वरची.
मुदत : शुक्रवार, संध्याकाळी पाच.
स्थिती : ओपन.

ऑफिसच्या एक्सेलमध्ये एवढं टाइप करून कल्याणीनं इकडंतिकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. बाणेरच्या त्या कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या, त्यांना नंबर द्यायचा, आणि चूक दुरुस्त झाली की नाही याचा पिच्छा पुरवायचा, हे तिचं काम. तीन वर्षांत तिनं अडीच हजारांवर चुका पकडल्या होत्या. घरातली ही पहिलीच.

झालं असं की, त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या दसऱ्याला, धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. अकोल्याकडच्या बोरगव्हाणातून पुण्यात आलेल्या लोकांनी ठरवलं, आपल्या गावाची एक स्मरणिका काढायची. खडकी, येरवडा, वाघोली, पार तिकडं धायरीपर्यंत पांगलेली चाळीसेक घरं. त्यांना एका दोरीत ओवलं समाधाननं. समाधान वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होता. ऑर्कुटवर त्यानं ‘आम्ही बोरगव्हाणकर’ अशी कम्युनिटी उघडली होती. सभासद एकशे बारा, त्यातल्या निम्म्यांनी बोरगव्हाण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

रविवारी तो तायड्यांच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये आला, चहा प्यायला आणि भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून म्हणाला, “काका, हाच मुखपृष्ठावर!”

फोटो छप्पन सालचा. गावच्या बाया नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्या, तेव्हा मूर्तिजापूरचा फोटोवाला बोलावून काढलेला. अकरा बाया. पाच खाली बसलेल्या, सहा मागं उभ्या. झाडून सगळ्यांची पातळं पांढरी. बसलेल्यांपैकी दोघींच्या मांडीवर मूल, उभ्यांपैकी एकीच्या कडेवर.

“खाली नावं टाकू,” समाधान म्हणाला. “डावीकडून उजवीकडं. सांगा पटापट.”

कल्याणीची आजी, इंदुबाई, पलंगावरून उठून जवळ आली. बसलेल्यांपैकी चौघी तिनं ओळखल्या. “ही माही सासू. ही गंगाबाई. उभ्यातली एकही ठाऊक नाही मले. मी गावात राहिलीच किती? बावीस दिवस.”

“आणि यात माझी आई आहे,” सुखदेवनं सांगितलं. “म्हणजे पहिली. वच्छला.”

“कोणती, काका?”

“ते माहीत नाही.”

कुणीतरी पुढची बस किती वाजता म्हणून विचारावं आणि यानं माहीत नाही म्हणावं, तसं तो म्हणाला. शैला, म्हणजे त्याची बायको, कप उचलता उचलता थांबली. कल्याणी तर बघतच राहिली. इंदुबाई ही आपली सख्खी आजी नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सत्तावन्न साली पहिली आजी तापानं गेली, बाबा तेव्हा दोन वर्षांचे. दशरथआजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. अठ्ठावन्नला त्यांनी इंदुबाईशी लग्न केलं आणि बायको-मुलाला घेऊन पुण्याला आले. हे सगळं ठाऊक होतं. पण ज्या फोटोखाली बसून बाबांनी आयुष्यभर पेपर वाचला, त्यातल्या अकरा बायांमधली आपली आई कोणती हे त्यांना माहीत नाही, ही बातमी तिला सव्विसाव्या वर्षी मिळत होती.

“आजोबांना कधी विचारलं नाहीत?”

“एकदा विचारलं. नववीत होतो.”

“मग?”

“म्हणाले, अभ्यास कर.”

समाधान हसला आणि मग हसायला नको होतं असं वाटून त्यानं बिस्किट उचललं. पहिलीचं नाव दुसरीसमोर काढायचं नाही, अशी दशरथआजोबांची शिस्त. ते गेले चौऱ्याऐंशी साली. गावीच राहिलेले त्यांचे धाकटे भाऊ, पोपटकाका, त्याच्याही आधी.

“शुक्रवारी पाचला छापखान्यात द्यायचंय,” समाधान उठत म्हणाला. “नाही जमलं तर तिथं ‘एक भगिनी’ असं टाकू.”

सुखदेवनं मान डोलावली. पण दार लावून आल्यावर तो फोटोसमोर उभा राहिला तो राहिलाच. मग स्वतःशीच म्हणाला, “एक भगिनी.” आणि कल्याणीकडं वळून, “तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये काही होतं का गं याचं?”

एवढं पुरे होतं. कल्याणीच्या अंगात वारं शिरलं.

*

नोंद क्र. १, पुढे चालू. पुरावा शोधणे.

फ्रेम उघडायला सुखदेवनं साफ नकार दिला. फोटो काचेला चिकटला होता, ओढला तर चेहरेच निघून येतील. मग कल्याणीनं मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा आणला, फ्रेम गॅलरीत उन्हाला तिरपी धरून चौदा फोटो काढले आणि त्यातला एक बिनचकाकीचा निघाला. तो कॉम्प्युटरवर घेतला. अकरा चेहरे कापून अकरा चौकटींत ठेवले, त्यांना नंबर दिले. बसलेल्या ब-१ ते ब-५. उभ्या उ-१ ते उ-६.

मग पत्र्याची पेटी. त्यात पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. सगळी पोपटकाकांनी गावाहून दशरथआजोबांना लिहिलेली. तारखा कुठं होत्या, कुठं नव्हत्या, शिक्के फिसकटलेले. कल्याणी दोन दिवस ती ऑफिसच्या डब्याच्या पिशवीतून नेत-आणत होती. मंगळवारी दुपारी जेवताना तिला एकदम दिसलं, काही कार्डांवर माथ्याला ‘श्री’ आहे आणि काहींवर नाही. पोपटकाकांनी दीक्षेनंतर ‘श्री’ लिहायचं सोडलं होतं! मग तारखेची गरजच काय? तिनं कार्डांचे दोन ढीग केले. श्रीवाली छप्पनच्या ऑक्टोबरच्या आधीची, बिनश्रीची नंतरची. आणि बिनश्रीच्या ढिगातलं सगळ्यांत पहिलं, नागपूरहून परतल्यावरचं कार्ड हे :

मु. बोरगव्हाण
आयुष्मान दशरथदादास धाकटा बंधू पोपट याचा सप्रेम जयभीम. पत्रास कारण की आम्ही सर्व नागपुराहून सुखरूप परत आलो. गाडीत पाय ठेवण्यास जागा नव्हती, तरी कोणी कुरकुर केली नाही. मायनं देव्हाऱ्यातले सर्व देव नदीत सोडले व आल्यावर भाकर खाल्ली. चि. सुख्याचा उजवा पाय चुलीशी भाजला आहे. फडके बांधले आहे, काळजी नसावी. उद्या फोटोवाला येणार म्हणून बायांनी आज सर्व पातळे पुन्हा धुतली आहेत. गल्लीत चालण्यास वाट नाही, इतकी वाळत घातली आहेत. कळावे.

कल्याणीनं डबा तसाच टाकला, जागेवर धावली आणि उ-३ च्या कडेवरचं मूल मोठं केलं. दोनशे टक्के. चारशे टक्के. चौकोनी ठिपक्यांचा चिखल झाला, पण त्या चिखलात मुलाच्या उजव्या पावलाच्या जागी एक पांढरा गोळा होता. डाव्या पावलाला बोटं होती. उजव्याला नव्हती, फडकं होतं!

तिनं घरी फोन लावला. “आई, बाबांना म्हणावं आल्या आल्या बूट काढा!”

“ते काढतातच आल्यावर. आपण काय साहेब आहोत?” शैला म्हणाली.

संध्याकाळी सुखदेव कारखान्यातून आला, तर दोघी मायलेकी दारातच. “बाबा, उजवा मोजा काढा.” “अगं, वास येईल.” “येऊ दे!” मोजा निघाला. घोट्याच्या खाली, आतल्या बाजूला, पिंपळाच्या पानाएवढा गुळगुळीत डाग. पन्नास वर्षं तो रोज त्यावर साबण लावत होता. हा कशाचा, असं त्यानं कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं.

कल्याणीनं त्याच्यासमोर कार्ड धरलं, मग कॉम्प्युटरवरचा पांढरा गोळा दाखवला, मग हळूहळू चित्र वर सरकवत नेलं. पोराचा हात, पोराचं टोपडं, मग खांदा आणि मग तो चेहरा. उ-३. पस्तिशीची वाटणारी, रुंद कपाळाची, ओठ घट्ट मिटलेली बाई.

 सुखदेवनं आधी खुर्ची ओढली. बसला. मग उठला आणि हात धुऊन आला, आणि पुन्हा बसला.

“कपाळ बघा,” शैला म्हणाली. “कल्याणीचंच!”

“हनुवटी माझी,” सुखदेव म्हणाला.

“आणि ओठ कसे मिटलेत? राग आल्यावर तुम्ही करता तस्से.”

“मी कधी करतो?”

“आत्ता केलेत!”

पुढं घरात जत्रा भरली. सुखदेव तसाच बाहेर पडला आणि बाजारातून पेढे घेऊन आला. शेजारच्या क्वार्टरमधल्यांना दिले. कशाचे, म्हणून विचारलं तर म्हणाला, “आई सापडली.” ती माणसं उघड्या दारातून पलंगावर बसलेल्या इंदुबाईकडं पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी त्यानं स्टुडिओत उ-३ चा चेहरा मोठा करायला टाकलासुद्धा. दहा बाय बारा. समाधानला कल्याणीनं ऑर्कुटवर स्क्रॅप टाकला : “मिळाली!!!! उभ्यातली तिसरी. वच्छला दशरथ तायडे.” त्याचं उत्तर आलं : “जबरी!!! तुला सीआयडीत घ्यायला पाहिजे.”

नोंद क्र. १. स्थिती : फिक्स्ड.

*

नोंद क्र. १. स्थिती : रीओपन.
रीओपन करणार : इंदुबाई दशरथ तायडे.

बुधवारी संध्याकाळी दहा बाय बाराचा फोटो घरी आला. सुखदेवनं तो टेबलावर उभा केला, लांब जाऊन पाहिला, जवळ येऊन पाहिला. “कुठं लावू या?” तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदाच, त्यानं आईला विचारलं. म्हणजे इंदुबाईला. “आई, तुला काय वाटतं?”

इंदुबाई तांदूळ निवडत होती. “मले काय वाटायचं?”

“नाही, सांग ना.”

“हूं.”

“हूं काय?”

तिनं सूप खाली ठेवलं. “मी बोलली तं म्हनाल, सावत्र होती, आडवी आली.”

“आई!”

“ही तुही माय नाही.”

 कल्याणी चपापली. पण खरं सांगायचं तर त्या चपापण्यातही एक गुदगुली होती, चांगल्या टेस्टरला दुसऱ्यानं चूक दाखवल्यावर होते तशी.

“आजी, पण पाय भाजलेलं मूल...”

“पोरगं सुखदेवच. मी कुठं नाही म्हनतो? पन बाई ती नाही.” इंदुबाईनं भिंतीवरच्या फोटोकडं हात केला. “थे पाह्य, सासू पुढं बसली. सासरा फोटोवाल्याच्या बाजूले उभा असन, गावातले सारे बाप्ये असन. अन् त्यायच्या समोर घरची सून आपलंच लेकरू कडेवर घेऊन फोटोले उभी राहीन? काहून, लाज नाही तिले? वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू घेत नव्हते बाई. रडलं तरी जाऊ घेन, नणंद घेन, सासू घेन. दूध पाजायले आत नेलं तं नेलं. चारचौघांत नाही.”

“कोणतीच?” शैलानं विचारलं.

“कोणतीच नाही. तुमचं आताचं काय, लग्नातच पोराले घेऊन स्टेजवर चढतात.” मग ती सुखदेवकडं वळली. आवाज जरा उतरला. “अरे, तुले मी पदरात घेतलं तवा तू तीन वर्सांचा. बावीस दिवस गावात होती, सासूसमोर एक डाव हात लावला नाही तुले. परकंच मानत असन लोक मले. मूर्तिजापूर टेशन सुटलं, सासूसासरे दिसेनासे झाले, तवा उचललं. तं पुन्यापर्यंत खाली ठेवलं नाही. तुहे आजोबा... म्हंजे हिचे,” तिनं कल्याणीकडं मान उडवली, “म्हने, हात दुखन. म्हटलं, दुखू द्या.”

सुखदेव फोटोकडं बघत नव्हता. तो इंदुबाईकडं बघत होता. मग त्यानं टेबलावरचा मोठा फोटो हळूच पालथा घातला आणि विचारलं, “मग ही कोण?”

“असन तुही आत्या-गित्या. कपाळ तं जुळते ना? तं मंग.”

कल्याणीनं तोवर समाधानला फोन लावलाही होता. आजीचं म्हणणं त्याला सांगितलं.  मग तो म्हणाला, “थांब, थांब. बसलेल्यांपैकी दुसरीच्या मांडीवर जे मूल आहे ना, ते आमचे सर्जेरावकाका. पण ती बाई आमची आजी नाही. आजी तर... अरे यार!”

“काय?”

“आजी स्वतःच आहे फोटोत. उभी. कौतिकाआजी.”

“तू रविवारी का नाही बोललास?”

“मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलीय ना ती, काल आली गावाहून. दोन्ही डोळ्यांना काही दिसत नाही. मला वाटलं, जिला दिसतच नाही तिला फोटो काय दाखवायचा?”

*

गुरुवार. वाघोली.

सुखदेवनं रजा टाकली, कल्याणीनंही. भिंतीवरची फ्रेम उतरवली, चादरीत गुंडाळली. दोघं निघणार तेवढ्यात इंदुबाई चप्पल घालून दारात. “मी येतो.” आई कशाला, ऊन आहे, नगर रोड सगळा खणून ठेवलाय, असं सुखदेव म्हणाला. ती आधीच रिक्षात जाऊन बसली होती. खडकीपासून वाघोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तिघं सहा हातांनी फ्रेम धरत होती.

समाधानचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. कौतिकाबाई पलंगावर मांडी घालून बसली होती. वाळलेल्या खारकेसारखी बाई, पण आवाज खणखणीत.

“कोन आलं?”

“दशरथ तायड्यांचा सुखदेव,” सुखदेवनं सांगितलं.

“सुख्या!” ती ओरडलीच. “पाय बरा झाला काय रे?”

सुखदेवला हसू आवरेना आणि दुसरंही काही आवरेना. “झाला मावशी,” तो म्हणाला. “बरा झाला.”

फ्रेम तिच्या समोर पलंगावर ठेवली. कौतिकाबाईला चष्म्यातून आणि चष्म्याशिवाय सारखंच धुकं दिसत होतं. पण तिनं काचेवर तळहात फिरवला आणि म्हणाली, “माहं बोट घे व पोरी. पयल्या बसलेलीवर ठेव.”

कल्याणीनं तिचं बोट ब-१ वर ठेवलं. 

“ही गंगाबाई. पाटलाच्या वावरात कापूस येचायले हिच्यावानी हात नाही कोनाचा. एक बोट सरक. ही माही सासू, मांडीवर सर्जा. मले देत नव्हती बाप्पा तो, रडू रडू लाल झाला, तरी.” इंदुबाईनं कल्याणीला कोपरानं ढोसलं. “सरक. ही तुही सासू, दशरथची माय. दिवसभर बोलन नाही, अन् बोलली का गाव गोळा होये.”

“व्हय, व्हय!” इंदुबाई म्हणाली.

“ही कोन?”

“मी इंदू. दशरथची दुसरी.”

“बस माय, बस जवळ.”

बसलेल्या पाच झाल्या. समाधान वहीत नावं लिहून घेत होता, घाईत त्याच्या पेनाची शाई थांबत होती आणि तो पेन झटकत होता. मग उभ्या. कल्याणीनं बोट उचलून उ-१ वर ठेवलं. पहिली नाही, दुसरी नाही. “तिसरी तुही आत्या, सखू. नवरा मेला तवापासून माहेरीच होती, मंग सत्तावन्नच्या तापात तेही गेली. हिच्याच कडेवर तू.” कल्याणीनं सुखदेवकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. म्हणजे कपाळ खोटं नव्हतं. चौथी. पाचवी. सुखदेव आता वाकून इतका जवळ आला होता, की त्याच्या श्वासानं काचेवर वाफ धरत होती. उरली होती एकच. उ-६, उजवीकडची शेवटची, काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची. कल्याणीच्या मनानं तिला आजी म्हणायला सुरुवातही केली.

“सहावी मी,” कौतिकाबाई म्हणाली.

आणि तिचं बोट पुढं सरकलं. काच संपली. लाकडी पट्टी आली, ती बोटानं ओलांडली आणि पलंगावरच्या चादरीवर, काही नसलेल्या जागी, दोनदा टकटक केलं. 

“अन् ही वच्छला.”

सुखदेवनं चादरीवरून हात फिरवून पाहिला.

“मावशी,” सुखदेव हळू म्हणाला, “तिथं कुणी नाही.”

“कशी नाही? सात जणी उभ्या होतो आम्ही. माहा हात धरला होता तिनं. फोटोवाला म्हने, हात सोडा. सोडला नाही तिनं.”

कल्याणीनं फ्रेम उचलून खिडकीशी नेली. सहावीचा डावा हात कोपरापर्यंत दिसत होता. पुढं तो बाजूला वळला होता आणि फोटोच्या कडेला तुटला होता. इतके दिवस ती चेहरे मोजत होती. हात तिनं मोजलेच नव्हते.

“कापलाय,” ती म्हणाली. “बाबा, फोटो कापलाय! फ्रेम लहान होती म्हणून बाजू छाटलीय!”

सगळ्यांच्या माना नकळत इंदुबाईकडं वळल्या.

“माह्याकडं काय पाहता? मी यायच्या आधीपासून असाच हाये तो. बाजारातल्या फ्रेमवाल्यानं कापला असन. त्यायले काय, बाई गेली का झाड गेलं!”

“पण कौतिकाआजी,” समाधान मध्येच ओरडला, “आपल्या घरी गावाला...”

“हाये ना. दुसरा. सर्जाच्या घरी, धान्याच्या कोठीवर.”

*

शुक्रवार. मोबाइलवरचे निरोप.

सकाळी ९.१०, समाधान : सर्जेरावकाका फोटो घेऊन एसटीत बसले.
११.४०, समाधान : मूर्तिजापूरला पोचले. कॅफे बंद आहे. लाइट नाही.
१२.०५, कल्याणी : दुसरा कॅफे????
१.३०, समाधान : लाइट आली. स्कॅन करतोय म्हणे. काका विचारतात परत फोटो देतात ना हे लोक.
२.२०, समाधान : ई-मेल गेला!!! छापखानेवाला पाचच्या पुढे एक मिनिट थांबणार नाही म्हणतोय.

खडकी बाजारातला सायबर कॅफे चिंचोळा, लाकडी फळ्यांचे सहा कप्पे. एका कप्प्यात एका माणसाची जागा, तिथं चौघं कोंबली होती. कल्याणी खुर्चीवर, मागं सुखदेव आणि शैला, आणि मालकानं आपलं स्टूल काढून दिलं त्यावर इंदुबाई. साडेतीन वाजत आले होते. सर्जेरावकाका मूर्तिजापूरच्या बूथवरून सुखदेवच्या मोबाइलवर होते आणि त्यांचा आवाज सगळ्या कॅफेला ऐकू जात होता.

“पोचला काय?”

“येतोय, सर्जेराव. थोडा आलाय.”

“थोडा कसा? मी तं पुरा देला!”

मूर्तिजापूरच्या कॅफेवाल्यानं हौसेनं केवढा तरी मोठा स्कॅन केला होता. चित्र वरून खाली उतरत होतं, एकेक रेघ, थांबून थांबून. आधी राखाडी आभाळ. मग कुडाची भिंत. कल्याणीनं चित्र उजवीकडं सरकवून ठेवलं, जिथं त्यांच्या फोटोत काही नव्हतं, तिथं. तिथंही अजून भिंतच होती.

“थांबलंय का ते?” शैलानं विचारलं.

“नाही, चाललंय.”

“मला तर थांबल्यासारखं...”

“शैला,” सुखदेव म्हणाला, “जरा गप्प.”

एक पांढरी रेघ उमटली. रुंद होत गेली. पदर! डोक्यावरचा पदर, जरा मागं सरकलेला. त्याखाली केस, मधोमध भांग. मग कपाळ, अरुंद, कुणाशीच न जुळणारं. कल्याणीनं टेबलाची कड धरली. सुखदेवचा हात तिच्या खांद्यावर होता, तो जड झाला. 

भुवया. थांबलं. 

“पोचला काय?” सर्जेराव.

“थांबा हो!” चौघंही एकदम ओरडली.

मग डोळे आले. बारीक झालेले, कोपऱ्यांत चुण्या पडलेले. उन्हामुळं असेल, असं कल्याणीला वाटलं. मग गाल आले, वर चढलेले. नाक. आणि मग पुढच्या रेघेला दात दिसले. पांढरे, सगळे, वरचा एक जरा पुढं आलेला. चेहरा किंचित हलला होता, पण काय चाललंय यात शंका नव्हती. अकरा बाया फोटोवाल्याच्या धाकात ओठ मिटून उभ्या होत्या आणि बारावी मनापासून हसत होती. खाली अजून रेघा येत होत्या. बारीक खांदा आला, मनगट आलं आणि कौतिकाबाईचा हात घट्ट पकडलेली बोटं आली.

आपण कुठल्या वयाच्या बाईची वाट पाहत होतो, हे सुखदेवला त्या क्षणी कळलं असावं. तो खाली वाकला, पडद्याच्या अगदी जवळ.

“अगं,” तो म्हणाला, “ही तर पोरगी आहे.” मग कल्याणीकडं पाहून, मग पुन्हा पडद्याकडं, “तुझ्याहून लहान आहे गं ही! तुझ्याहून कितीतरी लहान!” आणि तो हसायला लागला. मोठ्यानं, खांदे हलवून, पलीकडच्या कप्प्यातली माणसं डोकावेपर्यंत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते त्यानं पुसलं नाही. “आईऽ, बघ तरी!”

यातली कोणती आई त्यानं हाकारली, कुणास ठाऊक. इंदुबाई मात्र स्टुलावरून उठून पुढं आली, नाक पडद्याला लागेल इतकी. 

“हसून राहिली व,” ती म्हणाली. “सासू समोर असून. हिंमत पाह्य पोरीची.”

मोबाइलवर आता दुसरा आवाज होता. समाधान छापखान्यातून बोलत होता. “काका, चार वीस झालेत! पूर्ण फोटो मला फॉरवर्ड झालाय, तो लावतोय. नाव सांगा. बारावी काय लिहू?”

“वच्छला दशरथ तायडे,” सुखदेव म्हणाला.

“बस्स?”

सुखदेव घुटमळला. त्यानं इंदुबाईकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. 

“लिहायला सांग की,” इंदुबाई म्हणाली, “सुखदेवची माय म्हनून. लाजतो काहून? मी काय फोटोत हाये, का माहं नाव चुकन?”

“सुखदेवची आई,” सुखदेव मोबाइलमध्ये म्हणाला. मग आणखी मोठ्यानं, पलीकडं यंत्रांचा आवाज होता म्हणून, “सुखदेवची आई! लिहिलंस का? वाचून दाखव!”

कल्याणीला ऑफिसच्या एक्सेलमधली नोंद क्र. १ आठवली आणि स्थितीच्या रकान्यात आता काय लिहावं ते तिला सुचेना. तेवढ्यात मालकानं फळीवरून डोकं काढून विचारलं, “प्रिंट काढायची ना? ब्लॅक अँड व्हाइट की कलर?”

“अहो, फोटोच काळा-पांढरा...” शैला सांगायला लागली.

“कलर!” सुखदेव म्हणाला.